खोकला नसलेली गल्ली

व्रतांची उद्यापनं होतात हो, पण आमच्या पांडेसऱ्याच्या गल्लीतल्या खोकल्याच्या किश्श्यांचं उद्यापन काही होत नाही! चार बायका जमल्या की एखादा नवा निघतोच.

प्लेगची भीती सुरतेतून नुकतीच ओसरली होती. त्या थंडीपासून पालिकेच्या आरोग्यसेविका मंजुलाबेन दर आठवड्याला रजिस्टर घेऊन दारोदार यायच्या. "उधरस छे? खोकला, खोकला? ताप? कफ?" ज्या गल्लीत खोकला जास्त, तिथे दवाखान्याची गाडी यायची, डॉक्टरसकट. पण मिलच्या गेटवर खोकणाऱ्याला परत पाठवत. नाव लिहिलं तर मिलला कळेल, रोजी जाईल, ही धास्ती. त्यामुळे खोकला घराघरात, रजिस्टरात एकही नाही!

*

शेजारच्या वत्सलाचा नवरा नामदेव मिलमध्ये कापड रंगवायच्या डाइंग खात्यात कामाला. दिवाळीपासून खोकून खोकून बरगड्या धरून बसायचा. खाजगी डॉक्टर परवडेना, गाडीचीच आशा.

मंजुलाबेन दारात आल्या आणि आतून नामदेवाची उबळ!

"कोण खोकतंय?"

"कोणी नई बेन," वत्सला म्हणाली, "तो रेडिओ शे!"

मंजुलाबेननी आत डोकावलं. रेडिओ कपाटावर, वर क्रोशाचं झाकण. त्यांनी गुपचूप शून्य लिहिलं आणि जाताना म्हणाल्या, "रेडिओला आलं-मध द्या."

*

मी पालिकेच्या ऑफिसात जाऊन गाडी मागितली. क्लार्क भला माणूस. रजिस्टर उघडून दाखवलं. "ताई, तुमची गल्ली तर पहिल्या नंबरावर आहे! सगळीकडे खोकला, तुमच्याकडे शून्य. शून्याला तपासायला डॉक्टर कसा पाठवू?"

*

मार्गशीर्षातल्या गुरुवारी माझ्याकडे कथा. कथा संपल्यावर मी प्रत्येकीच्या हातावर केळं ठेवलं. एरवी तिथेच संपायचं. त्या दिवशी अकरा जणींनी पदराला बांधलं. "घरी खाईन हं!" कफ झाल्यावर केळं कोण खातं?

मी धावत जाऊन मंजुलाबेनना सांगितलं, "अकरा पेशंट सापडले!"

"भाभी," त्या म्हणाल्या, "रजिस्टरात केळ्याचा खाना नथी!"

*

मग मी ठरवलं, शून्य मोडायला माझंच नाव द्यायचं. पण महिनाभर खोटं न बोलण्याचा नेम धरलेला. म्हणजे खोकला खराच हवा! चिंच खाल्ली, थंड ताक प्यायले, ओले केस घेऊन ओट्यावर बसले. खोकला फिरकलासुद्धा नाही.

आमचे हे म्हणाले, "देवी प्रसन्न आहे तुला!"

मी म्हटलं, "हो, पण वेळ चुकली तिची!"

*

आणि एक दिवस पालिकेच्या ऑफिसातले मोठे साहेब स्वतः आले. बिनखोकल्याच्या गल्लीचं अभिनंदन करायला! आम्ही रांगोळी काढली. नामदेवाला तोंडात लवंग देऊन आतल्या खोलीत बसवलं. हार घालून साहेब बोलायला उभे राहिले. "बहेनो, या गल्लीचा आदर्श..."

तेवढ्यात समोरच्या, कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसच्या चिमणीने पिवळसर धूर सोडला.

साहेबांना जो ठसका लागला! डोळ्यांत पाणी, हार तिरका, चेहरा लाल. क्लार्क पाठ चोळतोय, वत्सला पाणी आणतेय. थांबेचना!

मंजुलाबेननी शांतपणे रजिस्टर उघडलं. पेनचं टोपण काढलं.

"साहेब, नाव पूरं सांगा."

"अहो, मी... इथला... नाही..."

"खोकला इथलाच आहे ना?"

पुढच्याच आठवड्यात दवाखान्याची गाडी आमच्या गल्लीत! डॉक्टर तरुण होता. कागद बघून म्हणाला, "इथे एकच पेशंट दिसतोय. कुठाय?"

"ते ऑफिसात बसतात," मंजुलाबेन म्हणाल्या.

डॉक्टरने मान वर केली. समोर नामदेव, त्याच्यामागे वत्सला, आणि मागे गल्लीच्या टोकापर्यंत माणसं. सगळी खोकतायत.

"मग यांना काय झालंय?"

"काही नाही हो," मंजुलाबेन म्हणाल्या, "फक्त औषध द्या!"