गिरणीच्या सात पोरी

परवा कुसुमच्या रोडपालीच्या नव्या फ्लॅटवर आम्ही जुन्या पाच जणी जमलो. निमित्त वास्तुशांतीचं. जेवणं आटोपली, विडे झाले, तरी उठायचं कुणी नाव घेईना. कुसुमची सून शेवटी म्हणाली, "आई, तुमचे कबड्डीचे किस्से म्हणजे माझ्या घरातलं धुणं आहे. उरकलं म्हणेपर्यंत पुन्हा बादलीभर तयार."

खरंय तिचं. म्हणून म्हटलं, आता लिहूनच टाकावेत. नाहीतर प्रत्येक जमण्यात नवीन भर पडतेय, आणि त्यातली निम्मी कुसुमच्या पदरची असते.

आधी ओळख करून देते. अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास पनवेलमध्ये एक भातगिरणी शेवटचे आचके देत होती. आजूबाजूची शेतं नव्या शहरात गेली, भातच येईना, तर गिरणी भरडणार काय? तिच्या मागच्या रिकाम्या खळ्यावर आमचा मुलींचा संघ सराव करायचा, म्हणून गाव आम्हाला "गिरणीच्या पोरी" म्हणायचं. अण्णा गिरणीचे मुकादम. एकेकाळचे नावाजलेले खेळाडू, गुडघा गेला म्हणून शिकवायला लागलेले. मी उषा, कप्तान. कप्तान का, तर माझा आवाज मोठा.

आमच्यापुढे प्रश्न एकच होता आणि तो सात वर्षं सुटला नाही. सात मुली! दर मे महिन्यात एकीचं तरी लग्न ठरायचं. सहा जणींनीही मैदानात उतरता येतं, तसं नियमात बसतं. पण अण्णांना ते मंजूर नव्हतं. "सहा म्हणजे संघ नव्हे. सहा म्हणजे लग्नातून उरलेल्या." त्यामुळे आम्ही ठरवून टाकलं होतं, आभाळ कोसळलं तरी मैदानात सातच उतरणार.

*

पहिलं भांडण हाफपँटचं.

अण्णा म्हणाले, सलवारीत चढाई होत नाही, पाय अडकतो. झालं, सातही घरांत रामायण. महिनाभर चर्चा होऊन शेवटी परवानगी मिळाली. टपाल नाक्याच्या शिंप्याकडे मापं दिली. सगळ्यांना सारखी, गुडघ्याच्या वर चार बोटं.

स्पर्धेच्या सकाळी पुडकं उघडलं तर सात पँटी, सात उंच्यांच्या. प्रत्येकीची आई गुपचूप शिंप्याकडे जाऊन आली होती. "आमच्या हिची जरा लांब करा हं, बाकीच्यांना कळू देऊ नका." शिंप्याने बिचाऱ्याने प्रत्येक आईचा शब्द राखला. कुसुमची गुडघ्यापर्यंत, सुनंदाची त्याच्या खाली. माझी तर पोटरी झाकून घोट्याकडे निघालेली, कारण आमच्या मातोश्री मुख्याध्यापिका होत्या.

आम्ही तशाच उतरलो. समोरच्या संघाची कप्तान माझ्या पायांकडे बराच वेळ बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "ताई, तुमच्यात पद वाढलं की पँट वाढते का?"

तिला मी पहिल्याच चढाईत बाद केलं. पोटरीवर पँट सावरत केलं, पण केलं.

*

रविवार सकाळचा तो काळ आठवतोय ना? टीव्हीवर पौराणिक मालिका लागली की रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. अशाच एका रविवारी सकाळी आमचा सामना कळंबोलीजवळच्या एका गावात ठेवला होता. ज्याने वेळ ठरवली त्याच्याकडे बहुतेक टीव्ही नसावा.

आम्ही वेळेआधी हजर. अण्णांनी बजावलं होतं, "मालिकेतले देव तुमच्या चढाया करायला येणार नाहीत." मैदानावर आम्ही सात, एक म्हैस आणि चुन्याच्या रेषा. समोरचा संघ नाही, पंच नाहीत.

अण्णा शोधत गेले. सरपंचांच्या ओटीवर दीडशे माणसं दाटीवाटीने बसलेली. त्यात समोरच्या संघाच्या सातही जणी, आणि टीव्हीच्या अगदी पुढ्यात, शिट्टी गळ्यात घालून आमचे पंच. अण्णा खिडकीतून म्हणाले, "साहेब, नियमाप्रमाणे पंधरा मिनिटं झाली. समोरचा संघ मैदानात नाही. आम्हाला पुढे चाल द्या."

पंचांनी मान वळवली नाही. जाहिरात लागेपर्यंत हात वर करून थांबवून ठेवलं. जाहिरात लागली, त्यांनी बसल्या जागी शिट्टी वाजवली, खिडकीकडे बोट करून "गिरणी विजयी" म्हणाले, आणि पुन्हा पुढे बघायला लागले. समोरच्या संघाच्या कप्तानाने मागे वळून अण्णांना विचारलं, "काका, आत येताय का? जागा करते."

विजय तो विजय. आम्ही म्हशीला साक्षी ठेवून फोटो काढला.

*

आता सुनंदा. हिचं ऐकाच.

चढाईला निघायच्या आधी आमच्यात मध्यरेषेला उजव्या हाताने शिवायचं आणि तो हात कपाळाला लावायचा, ही अण्णांची पहिल्या दिवसाची शिकवण. रोज पन्नास चढाया, म्हणजे रोज पन्नास नमस्कार. ते इतकं अंगात मुरतं की विचारू नका.

पेणचे पाहुणे सुनंदाला बघायला आले. तिला लग्न करायचं नव्हतं, निदान ते वर्ष तरी. नकार यावा म्हणून तिने केसांना तेल चोपडलं होतं, सर्वांत जुनी साडी नेसली होती. डाव्या हातात पोह्यांचा ट्रे घेऊन ती माजघराच्या दाराशी आली. समोर सहा-सात अनोळखी माणसं ओळीत बसलेली. पायाशी उंबरा. आणि बाईसाहेब सवयीने वाकल्या, उजवा हात उंबऱ्याला लावला, कपाळाला लावला, आणि मगच आत आल्या!

मुलाच्या आईच्या डोळ्यांत पाणी. "हल्ली असे संस्कार कुठे बघायला मिळतात हो?"

पोहे संपायच्या आत लग्न ठरलं. अण्णांना आम्ही सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "उद्यापासून रेषेला पाय लावून निघा."

आम्ही उरलो सहा.

*

सातवी मिळाली मासळी बाजारात.

कमल. गव्हाणच्या खाडीवरची, धर्मा नाखव्याची मुलगी. वडिलांची होडी, आई आणि ही पनवेलच्या बाजारात पाटी घेऊन बसायच्या. एकदा कुत्र्याने पाटीतली मोठी बोय उचलली आणि धूम ठोकली. कमल त्याच्या मागे. शनिवारचा बाजार, मुंगीला वाट नाही अशी गर्दी. ही पोरगी पिशव्या, पाट्या, माणसं, हातगाड्या यांच्यामधून गेली, बोय सोडवली आणि परत जागेवर येऊन बसली. अण्णा पिशवी घेऊन उभे होते. ते म्हणाले, "अरे, हिला जाता-येता कुणाचा धक्का लागला नाही."

दुसऱ्या दिवशी अण्णा आणि मी तिच्या घरी. कमलने एवढंच विचारलं, "या खेळातून पोलिसात घेतात, खरं काय?"

राज्याकडून खेळलेल्या मुलींना घेतात, असं अण्णा म्हणाले. आधी जिल्ह्याच्या संघात निवड व्हावी लागते, मग राज्य.

"मग मी येते. मना पोलिसात जायाचं हाय."

धर्मा नाखवा दारात जाळं विणत बसला होता. माणूस वाईट नव्हता, पण सरळ बोलायचा. "हिचं उरणला ठरलंय. मी शब्द दिलाय. त्येंनी तारीख धरली का खेळ बंद. तवर खेळंना का."

म्हणजे तारीख निघायच्या आत निवड. कमलला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. दुपारी तीनला पाटी रिकामी झाली की ती हात धुऊन चालत गिरणीवर यायची आणि अंधार पडेपर्यंत थांबायची. आम्ही दमलो म्हटलं की म्हणायची, "तुमी बसा. मी खांबाला पकडते." आणि खरंच खांबाला पकडी मारत बसायची. तिच्यामुळे आम्हाला सगळ्यांनाच लाज वाटायला लागली आणि आम्ही सुधारलो.

*

पुढच्या वर्षी गिरणीच विकली गेली. खळ्यावर बिल्डिंग सुरू झाली. आम्ही वाळूचे ढीग आणि सळया यांच्या मधल्या पट्ट्यात खेळायला लागलो. ठेकेदार ओरडायचा, अण्णा त्याला चहा पाजायचे, तो दोन दिवस गप्प बसायचा.

कमल तोपर्यंत कुणाच्या हाताला लागेनाशी झाली होती. आम्ही सहा जणी मिळून धरायचो तरी निसटायची. बांधकामावर घमेली वाहणाऱ्या बाया दुपारच्या चहाच्या सुट्टीत ते बघत बसायच्या. त्यातली बायजा, डोंगराकडची, अंगाने काडी. एकदा भाकरी खाता खाता उठली, रिंगणात आली आणि कमल शेजारून गेली तेव्हा तिचा घोटा धरला. एका हाताने! दुसऱ्या हातात भाकरी तशीच. कमल धाडकन वाळूत.

तीनदा प्रयत्न झाला, तीनदा कमल वाळूत.

अण्णांनी हात जोडायचेच बाकी राहिले होते. "बाई, हे कुठे शिकलीस?"

बायजा म्हणाली, "चार पोरं संभाळते मी. त्यातलं येक बी असं पळाया लागलं तर सोडीन व्हय?"

तिला संघात घ्यायची आमची फार इच्छा होती. पण आठवड्याने त्यांची टोळी पुढच्या साइटवर गेली. मात्र तेवढ्या आठवड्यात कमल बायजाकडूनच घोटा सोडवायला शिकली. ती रोज तिच्यासमोर जाऊन उभी राहायची आणि रोज वाळू खायची. शेवटच्या दिवशी एकदाच सुटली.

*

आणि मग तो रविवार.

जिल्ह्याची निवड स्पर्धा पनवेललाच, शाळेच्या मैदानावर. आमचा सामना सकाळी नऊला. उरणवाल्यांनी कमलच्या साखरपुड्याची तारीख काढली ती नेमकी तीच, दुपारी बाराची. कमल बापाला म्हणाली, "नवाला खेळते, अकराला घरी." नाखवा बरं म्हणाला.

कबड्डीत नऊचा सामना नऊला कधी झालाय? सत्कार, नारळ, भाषणं, पुन्हा सत्कार. साडेअकराला आम्ही रेषेवर उभ्या राहिलो. मी कमलला म्हटलं, "जायचं तर जा, मी काही म्हणणार नाही." ती म्हणाली, "मग तुमी सहाच रावाल." आणि पँटची नाडी घट्ट केली.

दुसऱ्या डावात मैदानाबाहेर टेम्पो थांबला. धर्मा नाखवा उतरला, पांढरा सदरा, टोपी, कपाळाला गंध. त्याच्या मागून पाहुणे. नवरामुलगा, त्याची आई, मामा, नारळ आणि पेढ्यांचा पुडा घेतलेली एक म्हातारी. घरात बसून कंटाळले, म्हणून तेही मुलीला न्यायला आले होते. अण्णा लंगडत गेले आणि दोरीपाशी नाखव्याच्या शेजारी उभे राहिले. पुढचं बोलणं त्यांनीच आम्हाला नंतर सांगितलं.

आम्ही सहा गुणांनी मागे. कमलची चढाई.

"ही काय बोलते सारकी?" नाखव्याने विचारलं.

"कबड्डी कबड्डी. एका दमात. दम सुटला की बाद."

"कवर?"

"परत येईपर्यंत."

तेवढ्यात कमलने कोपऱ्यातल्या दोघींना शिवलं आणि तिसरीने तिची कंबर धरली. मग चौथी, पाचवी अंगावर. ती खाली पडली. तोंड मातीत, पण आवाज चालू. एक हात बाहेर काढून ती रेषेकडे सरकत होती, बोटभर, बोटभर. तिचा तो बारीक झालेला आवाज तेवढा ऐकू येत होता. अण्णा म्हणतात, नाखव्याने स्वतःचा श्वास धरला होता, मान तांबडी झाली होती. कमलची बोटं रेषेला लागली. शिट्टी झाली. तेव्हा नाखव्याने श्वास सोडला.

तरी आम्ही एका गुणाने हरलो. ते सांगून टाकते, नाहीतर कुसुम पुढच्या वेळी जिंकलो म्हणून सांगेल.

मग माइकवरून निवडीची नावं वाचली. आमच्या संघातून एकच नाव, कमल. उद्या सकाळी सहाला सामान घेऊन पंधरा दिवसांच्या शिबिराला हजर व्हायचं. माझं नाव नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं, थोडं माझ्यासाठी आणि बरंचसं तिच्यासाठी. कारण ती तशीच मातीने भरलेली, बापासमोर मान खाली घालून उभी होती. पाहुणे टेम्पोकडे वळले होते. नवऱ्यामुलाची आई म्हणत होती, "चला आता, मुहूर्त तर टळलाच. पोरीला वाटेत धुवा."

नाखवा टेम्पोकडे गेला नाही. तो मांडवात टेबलाकडे निघाला. आपल्याकडे रीतच आहे, खेळ आवडला की माणसं टेबलाशी जाऊन बक्षीस जाहीर करतात. निवेदकाला तेच वाटलं. त्याने वही उघडली. "या काका. बक्षीस कुणाच्या नावाने लिहू?"

नाखव्याने त्याच्या हातातला माइक घेतला. टोपी सरळ केली.

"उरनच्या पावन्यांनो," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज कर्ण्यातून बाजारापर्यंत गेला. "शब्द मी दिलेला, पोरीनं नाय दिलेला. घरी जेवान तयार हाय. जेवल्याबिगर कोनी जायाचं नाय."