पितळी कोपऱ्यांचं घर

मेजर निवृत्त झाले तेव्हा वहिनींनी सुटकेचा निःश्वास टाकला. अख्खा संसार पेट्या भरण्यात आणि उघडण्यात गेला होता. आता स्वतःचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट होता. एकदाचं बस्तान बसणार होतं.

पण मेजरांनी लिलावांतून शोधून शोधून जुन्या फौजी छावणीतलं फर्निचर आणायला सुरुवात केली. दोन तुकड्यांत सुटणारं ड्रॉवरांचं कपाट, घडीचं टेबल, घडीचा पलंग, चामड्याच्या झोळीची खुर्ची. सगळ्याला पितळी कोपरे.

"स्क्रू काढले की सगळं खेचरावर!" मेजर खुशीत म्हणाले.

"आता कुठे कूच करायचंय आपल्याला?"

"तयारी असावी माणसाची."

येणारेजाणारे घराची तोंडभरून स्तुती करत. वहिनी पितळ घासत आणि हसत. रात्री पलंग कुरकुरला, की आता शिट्टी होईल आणि आवराआवर करावी लागेल, असं त्यांना वाटायचं.

एका दुपारी मेजर बाहेर गेले असताना वहिनी त्या झोळीच्या खुर्चीत टेकल्या आणि खोल रुतल्या. आत फोन वाजला. उठायला गेल्या तर गुडघ्यांनी दगा दिला. हातांवर जोर दिला तशी खुर्चीच मिटायला लागली. घाबरून त्या गप्प बसून राहिल्या. फोन वाजून वाजून थांबला. खिडकीतलं ऊन गेलं. घरातली एकूण एक वस्तू घटकाभरात निघू शकत होती, फक्त त्यांनाच हलता येत नव्हतं.

"अगं, दिवा नाही लावलास?" मेजर आले.

"उठता येत नाहीये मला."

ते आधी हसले. मग दोन्ही हात धरून ओढताना स्वतःच कण्हले.

"मला भिंतीत ठोकलेलं कपाट हवंय," वहिनी म्हणाल्या. "आणि सरळ पाठीची लाकडी खुर्ची. न मिटणारी."

मेजरांनी खुर्चीच्या पितळी कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "ठोकलं की झालं. मग इथेच संपायचं."

इतक्या वर्षांत वहिनींनी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं. तरी त्यांनी शब्द मागे घेतला नाही.

आठवड्याने सुतार आला. पहिला घाव पडताच मेजर चपला घालून जिना उतरले. वहिनींना त्यांच्यामागे जावंसं फार वाटलं. पण कपाट सरळ राहावं म्हणून सुताराने ते त्यांना धरायला लावलं होतं. त्या दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या.