फाटक्या कोपऱ्याचं कार्ड

नोव्हेंबर १९७४, मंगळवार. मी तुरीची डाळ निवडत होते.

आमच्या शेजारचे एसटीतले कंट्रोलर पत्रांच्या रूपात गोष्टी लिहायचे. गोष्ट एका पोस्टकार्डात मावलीच पाहिजे आणि पोस्टानंच आली पाहिजे, असा त्यांचा नेम. म्हणून ते सेनगावातूनच आमच्या सेनगावच्या पत्त्यावर कार्ड टाकायचे. मी वाचून बरी की वाईट ते सांगायची.

त्या दिवशीच्या कार्डाचा कोपरा फाडलेला होता, मयत कळवणाऱ्या पत्राचा फाडतात तसा. सासूबाईंचा भाऊ कनेरगावला आजारी. मयताचं पत्र समजून त्यांनी हंबरडा फोडला. तो ऐकून कंट्रोलर अनवाणी धावत आले.

"मावशी, गोष्ट हाय ती! कोपरा फाडल्याबिगर खरी वाटंना."

"मंग मेलं कोण?"

"कोणीच न्हाई."

"मंग मारलं काहून, मुडद्या?"

मयताचं पत्र घरात ठेवत नाहीत. सासूबाई फाडच म्हणून हटून बसल्या, तेव्हा कंट्रोलरनीच ते फाडलं. दुसरी प्रत नव्हती.

"आता लिहिणं बंद, वैनी," एवढंच म्हणाले.

तोवर मी गोष्ट वाचली होती. चांगली होती, पण सांगायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोस्टातून कोरं कार्ड आणलं, त्यावर आमचा पत्ता लिहिला आणि त्यांच्या हातात दिलं.