तीन मशीन आणि एक सासूबाई

चहा संपायच्या आत सांगून टाकते, नंतर माझी हिंमत व्हायची नाही. तुम्ही मला हुशार समजता ना? खांदा कॉलनीतल्या शेजारणी बीपी मोजायला माझ्याच दारात येतात ना? मग ऐकाच.

सतरा वर्षं मी सिस्टर. डॉक्टरांच्या बाजूला ट्रे घेऊन उभी. मग डोक्यात काय शिरलं कोण जाणे, बाळंतपणातली नर्स प्रॅक्टिशनर व्हायचा कोर्स घेतला. म्हणजे गरोदर बाईला आपणच तपासायचं, आपणच ठरवायचं, गरज पडली तरच डॉक्टरांना बोलवायचं. तेही बेचाळिसाव्या वर्षी! घरात मुलगी दहावीच्या अभ्यासाला आणि समोर आई तिच्याहून जाड पुस्तक घेऊन.

त्या दिवशी माझी पहिली स्वतंत्र तपासणी होती. शिकवणाऱ्या मॅडमनी लॉगबुकात सही केली तर पुढे जायचं, नाही तर पुन्हा ट्रे. 

पेशंट उरणकडची, कोळ्यांची सून, वैशाली. सातवा महिना. सोबत सासूबाई, केसांत अबोलीचा गजरा आणि आवाज इथून चिरनेरपर्यंत जाईल असा. सून खुर्चीच्या कडेला, सासूबाई माझ्यासमोर ऐसपैस. मी कार्ड ओढलं, मान खाली घातली आणि सुरू झाले.

"डोकं दुखतं का?"

"दुखतं ना. सकालपासून ठणका."

"डोळ्यांपुढे अंधारी?"

"येते. सुई ओवता येत नाय."

"पाय सुजतात?"

"सांजचं चप्पल जात नाय पायात."

उत्तरं अर्थातच सासूबाईंची. आमच्याकडे सून तपासायला आणली की बोलायचं सासूनं, ही रीतच आहे. सतरा वर्षं मी तेच बघत आलेले, मला कशाला खटकेल?

आणि लक्षणं तरी कशी! पुस्तकातलं पानच समोर येऊन बसलेलं. गरोदरपणात बीपी चढलं की हेच होतं, आणि वेळेवर कळलं नाही तर आई नि बाळ दोघांच्या जिवावर बेततं. मला त्या पोरीची खरंच काळजी वाटली. पण खोटं कशाला बोलू, आतून थोडी खूशही झाले. पहिल्याच तपासणीत एवढी मोठी केस!

वैशालीचं बीपी घेतलं. एकशे दहा, सत्तर. एकदम छान.

मी काय म्हणाले असेन? मशीन बिघडलंय! दुसरं मागवलं. तेवढंच. शेजारच्या खोलीतून तिसरं आणलं. तेवढंच. तिन्ही मशीन एकाच सकाळी बिघडली हे मला पटलं, पण आपलंच काही चुकतंय हे नाही पटलं. पोरीला डाव्या कुशीवर निजवलं, ॲम्ब्युलन्सला तयार राहायला सांगितलं आणि मॅडमना बोलावणं धाडलं.

मॅडम दारात आल्या तेव्हा मी चौथ्यांदा पट्टा गुंडाळत होते. वैशाली हळूच म्हणाली, "माझा बीपी नाय वाढायचा ताई. आईंचा बघा. दुखणं त्या स्वताचं सांगतात."

माझ्या हातातला पट्टा हातातच राहिला.

"अगं, मग मघाशी का नाही बोललीस?"

"घरी त्या कोणाला दुखणं सांगत नाय. आज तुमाला सांगत होत्या. म्हटलं, सांगू देत."

सासूबाई ओशाळल्या. "मना वाटलं, सिस्टर माजीच चवकशी करतंय. आजवर कोणी इचारलं नवतं."

 मॅडमनी पट्टा घेतला आणि सासूबाईंच्या दंडाला बांधला. एकशे ऐंशी, एकशे दहा. सून उठून बसली, सासूबाई तिच्या जागी आडव्या झाल्या. डॉक्टर आले आणि गोळ्या सुरू झाल्या. पडल्या पडल्याच सासूबाईंनी केसांतला गजरा काढून माझ्या हातात ठेवला.

मग मॅडमनी वैशालीची तपासणी माझ्याकडून पहिल्यापासून करून घेतली, सगळे प्रश्न तिच्या तोंडाकडे बघून. सही मिळाली. मुलीला मोठ्या तोऱ्यात लॉगबुक दाखवलं, तर कार्टीनं सहीच्या वरचा शेरा मोठ्यांदा वाचला:

"निदान अचूक. पेशंट चुकली."