नावासकट छापलेली बातमी

तिच्या वडिलांचं केस कापायचं दुकान होतं. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा आणि वाट बघणाऱ्यांसाठी लाकडी बाक. बाकावर दिवसभर पेपरची पानं विस्कटलेली असायची. खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड गुंडाळलं की त्याचे हात आत अडकायचे, मग तो पेपर धरणार कसा? म्हणून शाळा सुटली की ही पोरगी बाकावर मांडी ठोकून बसायची आणि खणखणीत आवाजात बातम्या वाचून दाखवायची. एखाद्या मंत्र्याचं भाषण आलं की नाकात बोलून नक्कल करायची. गिऱ्हाईक हसायला लागलं की वडील ओरडायचे, "अगं, हसवू नकोस, वस्तरा हातात आहे माझ्या!"

दुकानात तिचं नाव 'बातमी' पडलं. "बातमी आली का शाळेतून?" असंच लोक विचारायचे. वडिलांना भारी कौतुक. "ही स्वतः पेपरात लिहिणार आहे. नावासकट," ते सांगायचे. आई एका पाळणाघरात कामाला होती. ती म्हणायची, "आधी गणितात पास होऊ दे. मग काय ते नावासकट."

बातमी गणितातही पास झाली आणि पत्रकारिता आणि जनसंज्ञापनाच्या वर्गात जाऊन बसली. शेवटच्या सत्रात वर्ग नव्हते. कुठल्यातरी वृत्तपत्रात किंवा वाहिनीत इंटर्नशिप करायची आणि तिचे क्रेडिट मिळवायचे. ते नाही मिळाले तर पदवी लटकली. पगाराचं नावही काढायचं नाही. शिकायला मिळतंय हेच खूप, असं कॉलेजही सांगायचं आणि पेपरवालेही सांगायचे.

तिला शहरातल्या बड्या वृत्तपत्रात जागा मिळाली. वडिलांनी त्या दिवशी दुकानातल्या सगळ्यांना चहा पाजला.

ऑफिसात तिला खुर्ची नव्हती. जो बातमीदार बाहेर गेला असेल त्याच्या खुर्चीत बसायचं आणि तो दारात दिसला की उठायचं. तिचं नाव कुणी विचारलं नाही. सगळे तिला 'इंटर्न' म्हणत. "इंटर्न, हे पत्रक टाईप कर." "इंटर्न, हॉस्पिटलला फोन लावून अपघाताचे आकडे घे." मुख्य बातमीदार काचेच्या केबिनमध्ये बसायचा. माणूस वाईट नव्हता. हाताखालच्या मुलांना ओरडायचा, पण डब्यातलं काही गोड असलं तर बाहेर पाठवायचा. फक्त पान भरण्याची घाई त्याच्या मानगुटीवर कायम स्वार असायची.

एका दुपारी खबर आली की बाजारातल्या व्यापारी इमारतीत लिफ्ट कोसळून लिफ्टमन ठार झाला. बातमीदार सगळे पांगलेले. मुख्य बातमीदाराने केबिनमधून नजर फिरवली आणि ही दिसली.

"घरी जा. फोटो आण आणि बायकोशी बोल. नुसतं 'आम्ही पोरके झालो' नको. माणूस दिसला पाहिजे, रंग भर."

लिफ्टमनचं घर म्हणजे चाळवजा इमारतीतली एक खोली. बाहेर चपलांचा ढीग. आत माणसं भिंतीला टेकून बसलेली, आणि त्यांच्या मधोमध त्याची बायको, कोरड्या डोळ्यांनी पंख्याकडे बघत. लिफ्टमनच्या मेहुण्याने बातमीला दारातच अडवलं. "पेपरवाल्यांना सांगायला काही नाही इथे."

ती गांगरली. "मी पेपरवाली नाही हो, कॉलेजात आहे. हे केलं की मला क्रेडिट मिळतात."

"काय मिळतं?" आतून बायकोने विचारलं.

"क्रेडिट. म्हणजे मार्कांसारखं, काकू."

बायकोने तिला निरखून बघितलं. तिची स्वतःची मुलगीही याच वयाची, कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसलेली. "येऊ दे तिला," ती भावाला म्हणाली. "बस गं. कुणाचं तरी भलं होऊ दे."

आणि ती बोलायला लागली, जणू कुणी विचारण्याचीच वाट बघत होती. हे लोकांना नावाने नाही, मजल्याने ओळखायचे, ती म्हणाली. रस्त्यात कुणी भेटलं की घरी येऊन सांगायचे, 'आज पाचवा मजला भेटला होता, बारीक झालाय.' लिफ्ट गेले कित्येक दिवस हिसके देत होती. ह्यांनी मालकाच्या माणसाला वारंवार सांगितलं, तो म्हणाला, 'तू आहेस ना चालवायला, मग झालं तर.' मग ती थोडी थांबली आणि पहिल्यांदाच तिच्या ओठांवर हसू आलं. काल मुलीचा निकाल लागला होता. हे कधी पीत नाहीत, पण काल मेहुण्याबरोबर बसून दोन घोट घेतले आणि गाणं म्हटलं. इतकं बेसूर, की शेजारीण दार वाजवून विचारायला आली, कुणाला बरं नाही का. "इतके हसलो आम्ही. आणि आज हे."

बातमी ऑफिसात परतली ती डोळे पुसत. एका दमात तिने कॉपी, म्हणजे छापायचा मजकूर, लिहून काढला. मजल्यांची ओळख, लिफ्टचे हिसके, मालकाच्या माणसाचं उत्तर आणि शेवटी मुलीच्या निकालाची ती संध्याकाळ, दोन घोट आणि बेसूर गाणं. मुख्य बातमीदाराने उभ्याउभ्याच वाचली. "लिहितेस की तू! नाव टाकतो तुझं," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच विचारलं, "काय नाव तुझं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पेपर उघडला. मथळा होता, 'आदल्या रात्री मद्यपान. लिफ्ट दुर्घटनेत चालकाचा मृत्यू'. खाली तिचं नाव. मद्यपान पहिल्या वाक्यात चढलं होतं. लिफ्टचे हिसके गायब. त्या जागी इमारतीच्या मालकाचं म्हणणं होतं, की लिफ्टची देखभाल वेळच्या वेळी होत होती आणि चालकाच्या हलगर्जीपणाची शक्यता नाकारता येत नाही. गाणं नव्हतं, निकालही नव्हता. मजले मात्र होते, एका ओळीत.

ती धावतच दुकानात गेली, वडिलांनी पेपर बघायच्या आत. पण उशीर झाला होता. कात्रण आरशाच्या मधोमध चिकटवलेलं होतं आणि वडील खुर्चीतल्या माणसाला सांगत होते, "वाचा, खालचं नाव वाचा." त्या माणसाने वाचलं आणि म्हणाला, "पिऊन लिफ्ट चालवतात म्हणजे काय साहेब! चारचौघांचा जीव घेतला असता." वडिलांनी मान डोलावली. बातमीने कात्रण ओरबाडून काढलं. अर्धं आरशालाच चिकटून राहिलं. वडिलांना वाटलं, पोरीला लाज वाटली, दुकानाची लाज. ते दिवसभर तिच्याशी बोलले नाहीत, आणि खरं काय ते तिनेही सांगितलं नाही.

मुख्य बातमीदाराला तिने विचारलं, "सर, लिफ्ट बिघडलेली होती ते का काढलं?"

"जागा नव्हती. आणि त्याला पुरावा काय? बाईचं म्हणणं."

"मग दारूला काय पुरावा होता?"

"तेही बाईचंच म्हणणं. पण ते तिच्याच माणसाच्या विरोधात आहे ना, म्हणून चालतं." तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "हे बघ, खोटं एक अक्षर नाही. खुलासा कशाचा छापू?"

तेवढ्यात खालून फोन आला. लिफ्टमनची बायको आली होती. मुख्य बातमीदाराने रिसीव्हर ठेवला आणि म्हणाला, "जा तूच. नाव तुझं आहे."

ती बाई पाहुण्यांच्या सोफ्यावर नव्हे, सोफ्याशेजारी उभी होती. हातात पेपर. मेहुणा बाहेर फाटकाशी होता. तिनेच त्याला आत येऊ दिलं नव्हतं.

"चौकशीवाले आले होते," ती म्हणाली. "त्यांच्या साहेबाच्या हातात हाच पेपर होता. म्हणाले, पिऊन होता असं तुम्हीच सांगितलंय."

"काकू, मी असं नव्हतं लिहिलं. मी गाण्याचं..."

"मी तुम्हाला सांगितलं होतं. पेपरला नव्हतं सांगितलं." काल 'बस गं' म्हणणारी बाई आज तिला अहोजाहो करत होती. दारावरचा पहारेकरी टक लावून बघत होता. बातमीने तिचा हात धरायला हात पुढे केला, पण बाईने पेपर दुसऱ्या हातात घेतला आणि पदर सारखा केला. मग अगदी साध्या आवाजात, टोमणा वाटू नये इतक्या साध्या आवाजात, तिने विचारलं, "मार्क मिळाले का तुम्हाला?"

उत्तराची वाट न बघता ती गेली.

इंटर्नशिपचा अहवाल लिहायचा तेव्हा बातमीने सगळं जसं घडलं तसं लिहिलं. आधीची कॉपी आणि छापलेली बातमी शेजारी शेजारी लावली. कॉलेजातल्या समन्वयक बाईंनी तो वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"इतकी वर्षं शिकवते आहे. असा अहवाल कुणी दिला नाही मला," त्या म्हणाल्या. "आणि हा मी पुढे पाठवू शकत नाही. त्या पेपरने उद्या आपल्या मुलांना घेणं बंद केलं तर तुमच्या मागून येणाऱ्या वर्गाला कुठे पाठवू? आणि तुझे क्रेडिट त्यांच्याच शेऱ्यावर आहेत."

"मग मी काय करू, मॅडम?"

"हे सोडून बाकीचं लिही. काय शिकलीस ते."

आठवडाभर ती हटून बसली. आई म्हणाली, "लिहून टाक आणि मोकळी हो." वडिलांनी आरशावरचं ते अर्धं कात्रण पातं लावून खरवडलं होतं. शेवटी तिने दुसरा अहवाल लिहिला. मुलाखत घेण्याचं कौशल्य, वेळेचं नियोजन, संघभावना. मुख्य बातमीदाराचा शेरा आला, 'संवेदनशील लेखणी'. तिला वर्गात सगळ्यांत वरची श्रेणी मिळाली. पेपरने नोकरीही देऊ केली. ती नाही म्हणाली, आणि त्यावर वडिलांनी तिला बरंच सुनावलं. का नाही म्हणाली ते तिने तेव्हाही सांगितलं नाही.

आता ती एका औषध कंपनीत पाकिटांवरचा आणि माहितीपत्रकांवरचा मजकूर तपासते. काम रटाळ आहे. तिला ते तसंच बरं वाटतं.

यंदा त्याच इमारतीत पुन्हा लिफ्ट कोसळली. या वेळी आत एक वकील होते, त्यांचे पाय मोडले. त्याच वृत्तपत्राने पहिल्या पानावर मोठी बातमी केली. जीर्ण दोर, वर्षानुवर्षं न झालेली देखभाल, मालकावर गुन्हा. आधीच्या लिफ्टमनचा त्यात उल्लेख नव्हता. बातमीने मुख्य बातमीदाराला फोन केला. त्याने तिला आवाजावरून ओळखलं, आपुलकीने चौकशी केली, आणि म्हणाला, "अगं, पण ते जुनं झालं आता. कोण वाचणार?"

त्या संध्याकाळी ती पेपर घेऊन लिफ्टमनच्या घरी गेली. निदान त्या बाईला दाखवावं, की त्यांची चूक नव्हती, आता छापून आलंय. दार एका अनोळखी तरुण बाईने उघडलं. आधीचे लोक कधीच खोली सोडून गेले, ती म्हणाली. कुठे, ते माहीत नाही. मुलीचं शिक्षण सुटलं आणि तिला कुठेतरी कामाला लावली, एवढं शेजारणीकडून ऐकलं होतं. शेजारीण गावाला गेली होती.

"काही विकायला आलात का?" तिने पेपरकडे बघत विचारलं.

"नाही," बातमी म्हणाली.

"मग पाणी तरी घ्या," म्हणून ती बाई आत गेली. बातमी जिन्यापाशी उभी राहिली, आणि ती पाणी घेऊन बाहेर यायच्या आत खाली उतरून गेली.