जांभळे हातमोजे

माझी मुलगी कपड्यांच्या डिझाइनचा कोर्स करते. मागच्या महिन्यात ती मला दुपारच्या शोला घेऊन गेली. सुपरहिरोचा सिनेमा होता, हिंदीत डब केलेला. मी सुरतमध्ये भेस्तानला टेलर आहे. वर्षातून एखादा सिनेमा बघतो आणि त्यातही झोपतो.

"पप्पा, आज झोपायचं नाही," ती म्हणाली. "माझं प्रोजेक्ट आहे. व्हिलनचा ड्रेस बघायचा आणि माणूस कसा आहे ते सांगायचं. स्टोरी नाही कळली तरी चालेल."

स्टोरी नाहीच कळली. ड्रेस मात्र मी शेवटपर्यंत बघत बसलो. बाहेर आल्यावर खमणच्या गाडीवर तिने वही काढली आणि म्हणाली, "बोला."

मी एरवी फार बोलत नाही. घरात त्यावरून माझी थट्टा चालते. त्या दिवशी मात्र बोललो. म्हटलं, त्याची कॉलर बघितलीस? कानापर्यंत. एवढ्या कॉलरीत मान वळत नाही. मागून कोणी हाक मारली तर अख्खा माणूस वळवावा लागतो. म्हणजे आपल्याला कोणी हाक मारेल असं त्याला वाटतच नाही. हिरोच्या बगलेत ताणलं जाणारं कापड टाकलंय, कारण त्याला हात वर करून कोणाला तरी झेलायचंय. व्हिलनच्या बगलेत तसलं काही नाही. त्याने हात वर केला की शिवण उसवणार. तो हात वर करत नाही, नुसतं बोट दाखवतो. आणि खिसा कुठेच नाही. त्याच्या वस्तू धरून दुसरे उभे असतात, त्याला खिसा कशाला लागतो?

ती भराभर लिहीत होती. "आणि हातमोजे? मुखवटा काढतो, कोट काढतो, पण जेवतानासुद्धा हातमोजे काढत नाही. का?"

"ते नाही सांगता यायचं," मी म्हटलं.

"पप्पा, तुम्ही तर आमच्या मॅडमपेक्षा भारी आहात. कुठे शिकलात?"

"एकदा शिवला होता."

"काय?"

"व्हिलन."

तिने खमणची प्लेट खाली ठेवली. मग सगळं विचारलं. कधी, कुठे, फोटो आहे का. तिच्या वहीत एक रकाना होता, ड्रेसची कल्पना कशावरून सुचली. तिथे पेन टेकवून ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "अशीच सुचली."

हे खोटं होतं. अठरा वर्षं मी हेच खोटं बोलत आलो, तेही न बोलता. आता लिहूनच टाकतो.

आमची गल्ली तेव्हा जवळजवळ सगळी खानदेशातली. घरात अहिराणी, दुकानात हिंदी, मार्केटच्या शेठशी गुजराती. सकाळी हायवेवर पलसाण्याच्या डाइंग मिलची बस हॉर्न द्यायची आणि अर्धी गल्ली डबे घेऊन पळायची. संध्याकाळी माणसं परत आली की त्यांच्या टाचांवरून, नखांवरून कळायचं आज मिलमध्ये कोणता रंग चालला. "आज मरून दिसतंय," बायका ओट्यावरून म्हणायच्या. "परवापासून तेच चाललंय, लग्नसराईचा माल आहे." वाळत घातलेल्या बनियनांनाही प्रत्येक घराचा आपला रंग असायचा. आता मशिनं आली, हातमोजे आले, माणसं स्वच्छ हातांनी घरी येतात. चांगलंच आहे. तरी मला त्या टाचा आठवतात.

या सगळ्यांत आप्पांचे हात वेगळे. आप्पा म्हणजे माझ्या मित्राचे वडील, मिलमधले कलर मास्तर. मार्केटमधले व्यापारी साडीचा तुकडा घेऊन यायचे. आप्पा तो खिडकीपाशी नेत, दोन बोटांत चोळत, तळहातावर ठेवून उजेडाला तिरपा धरत आणि म्हणत, "यात चिमूटभर काळा आहे." असायचाच. त्यांचे हात मनगटाच्या वर चार बोटांपर्यंत जांभळे, नखांच्या कडा हिरवट. कितीही धुतले तरी बारा महिने तसेच. शर्टाच्या बाह्या ते दोनदा दुमडून कोपरापर्यंत चढवायचे, लग्नातसुद्धा. लग्नात लोक अंगठ्या दाखवतात, आप्पा हात दाखवायचे.

त्यांचे शर्ट मीच शिवायचो. त्यांची जीभ मात्र फार तिखट. त्या वर्षी गणपतीच्या आधी एक शर्ट घालून बघितला, तो दुकानात माणसं बसलेली असताना. हात पुढे लांब केला आणि म्हणाले, "हाई बाही माणूसनी से का माकडनी?" सगळे हसले. बाही खरंच अर्धा इंच आखूड झाली होती. मीही हसलो.

त्याच वेळी मंडळात नाटकाची तयारी चालली होती. मुलांना पौराणिक नको होतं. टीव्हीवर हिंदीत सुपरहिरो येत होते, त्यांना तसलंच हवं होतं. कोणीतरी गोष्ट रचली. शहरातले सगळे रंग चोरणारा एक राक्षस, आणि त्याच्याकडून ते परत आणणारा गल्लीतला हिरो. व्हिलन झाला माझा मित्र, आप्पांचा मुलगा, कारण उंची त्याचीच होती. ड्रेस माझ्याकडे आले.

असं काम मला आधी कोणी दिलं नव्हतं. पँट-शर्ट, शाळेचे गणवेश, बायकांचे ब्लाउज, यापलीकडे माझी कात्री गेली नव्हती. मी मार्केटमधून किलोवर मिळणारे साटिनचे तुकडे आणले. पुठ्ठ्याची उभी कॉलर केली. ती बायकोच्या गळ्याला लावून बघितली तर ती हसून हसून खाली बसली. मुलगी दीड वर्षाची, पाळण्यातून सोनेरी लेसची टोकं ओढायची. ते आठ-दहा दिवस आठवले की अजून बरं वाटतं. खोटं कशाला सांगू, एवढा आनंद मला त्यानंतर कुठल्याच शिवणीत मिळाला नाही.

पण ड्रेस नुसता काळा दिसत होता. तो कोणाचाही असू शकत होता. त्यात माणूस नव्हता. मग मला हात सुचले.

पांढऱ्या सुती कापडाचे कोपरापर्यंतचे हातमोजे शिवले. पातेल्यात जांभळा रंग उकळला आणि ते मनगटाच्या वर चार बोटांपर्यंत बुडवले. वाळल्यावर बघितलं तर रंगाची रेघ सरळ आली होती. आप्पांची तशी नव्हती. डाव्या हातावर जुन्या भाजल्याच्या डागापाशी ती खाली उतरायची. मी डावा मोजा पुन्हा ओला केला, तिरपा धरला आणि दुसऱ्यांदा बुडवला.

बाहीवरून चिडलो होतो, त्या रागात झालं, असं मी स्वतःला समजावत आलो. पहिल्या वेळेपुरतं ते खरं असेल. दुसऱ्यांदा बुडवताना माझ्या मनात राग नव्हता. मला ते हुबेहूब हवं होतं. गल्लीने बघताक्षणी ओळखावं आणि म्हणावं, काय शिवलंय. मग ड्रेसच्या बाह्याही दोनदा दुमडल्या. पट्ट्याला रंगीत चिंध्या लटकवल्या, आप्पांच्या खिशात रंग जुळवायच्या कापडी पट्ट्या असायच्या तशा.

हातमोजे मी मित्राला मंडपामागे अगदी शेवटच्या क्षणी दिले. त्याने ते चढवले, हात उलटसुलट करून बघितले.

"हे काय केलं रे?"

"डिझाइन आहे. जा, तुझं नाव पुकारताहेत."

तो गेला. आणि मग जे झालं ते त्याने ठरवून केलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. हिरोचा लाल गमछा त्याने चोरला आणि बघायला म्हणून तळहातावर ठेवून उजेडाला तिरपा धरला. हात तसे दिसले की हातच तसे वागतात. मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, हा तर आपला मास्तर." मंडप हसायला लागला तो थांबेचना.

आप्पा पहिल्या रांगेत होते. बक्षिसं त्यांच्याच हस्ते द्यायची होती. ते उठून गेले नाहीत. शेवटपर्यंत बसले, मग स्टेजवर येऊन एकेका मुलाला पेनाचा डबा दिला. दोन मुलांच्या मधल्या वेळात ते हात पाठीमागे धरत होते. उत्कृष्ट वेशभूषेचं बक्षीस मला मिळालं. ते मी त्या हातांतूनच घेतलं.

दुसऱ्या दिवशी मित्र दुकानात आला.

"आप्पांनी विचारलं, हात कोणी रंगवले."

"मग?"

"म्हटलं, मीच."

मी मशीन थांबवलं. "का?"

"तुझं नाव घेतलं असतं तर तुझ्या दुकानाची पायरी चढले नसते. माझं काय, बाप आहे. आठ दिवस बोलणार नाही, नवव्या दिवशी 'जेव' म्हणेल."

मी म्हटलं नाही की थांब, मी जाऊन सांगतो. मी म्हटलं, "चहा घेणार?"

नववा दिवस आला नाही. आप्पांनी त्याला एकदाच विचारलं होतं म्हणे, "माझ्या हातांची लाज वाटत होती तर आधी सांगायचं." त्यानंतर कामापुरतं बोलणं. लग्नानंतर त्याने हजीऱ्याच्या प्लांटमध्ये नोकरी धरली आणि तिकडेच खोली घेतली. दिवाळीला येतो, मिठाईचा खोका ठेवतो, अर्ध्या तासात निघतो. आप्पा ब्लीचच्या पाण्यात हात धुवायला लागले. बोटांच्या पेरांना चिरा पडायच्या. आणि पुढच्या शर्टाच्या वेळी मला म्हणाले, "कफ घट्ट ठेव. बटण मनगटावर पाहिजे."

तेव्हापासून त्यांनी बाही दुमडली नाही. सुरतच्या मे महिन्यातसुद्धा नाही. दर दिवाळीला मी त्यांच्या हातावर टेप लावत आलो, खांद्यापासून मनगटापर्यंत, साडेतेवीस. बाही पुन्हा कधी आखूड झाली नाही.

मुलीच्या वहीतला तो रकाना रिकामाच राहिला. पुढच्या आठवड्यात आप्पा नेहमीसारखे कापड घेऊन दुकानात आले. दुपारची वेळ, दुसरं कोणी नव्हतं. मी माप घेतलं. मनगट बारीक झालं होतं, कफात दोन बोटं जातील एवढं. रंग केव्हाच गेलेला. रिटायर होऊनही बरीच वर्षं झाली. डाव्या हातावरचा भाजल्याचा डाग तेवढा होता.

टेप हातातच होता आणि मी बोललो. पातेलं, रंग, रेघ, दुसऱ्यांदा बुडवलं ते, सगळं. "त्याला काही माहीत नव्हतं आप्पा. मी स्टेजवर ढकललं तेव्हा त्याने पहिल्यांदा बघितलं."

त्यांनी माझ्या हातातला टेप घेतला आणि गुंडाळायला लागले. मला वाटलं, ऐकू गेलं नाही.

मग म्हणाले, "डाव्या हातनी रेघ खाले व्हती. ती त्याले कशी जमनी, हाई कोडं मले आज लगून व्हतं. त्याने कधी माझा हात एवढा निरखून बघितला नव्हता." आणि माझ्याकडे वळून, "तू बघितला व्हता."

मी मान हलवली.

"चांगलं शिवलं व्हतं तू," ते म्हणाले. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी माफी मागितली. तिच्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. "मले कसाले सांगस? अठरा वर्ष ज्यानी ऐकी लिधं, त्याले काय सांगू मी?" अठरा वर्षं मुकाट ऐकून घेतलेल्या मुलाबद्दल ते बोलत होते. "तो दारात उभा राहतो, मी टीव्ही बघतो."

मी बाहीचं माप वहीत लिहायला घेतलं आणि न राहवून विचारलं, "अर्धी बाही करू का, या वेळी?"

"नको. आता सवय झाली. उन्हानं हात चुरचुरतात." ते उठले, दारापर्यंत गेले, परत आले. पिशवीतून आणखी एक कापड काढलं, निळं, बारीक रेघांचं. नातवासाठी घेतलं असावं. त्यांनी ते टेबलावर पसरलं, दोन बोटांत चोळलं, तळहातावर घेऊन दाराच्या उजेडाला तिरपं धरलं. कित्येक वर्षांत मी त्यांना असं करताना बघितलं नव्हतं.

"याचा माझ्या पोराला शर्ट शिव."

"आप्पा, त्याचं आताचं माप माझ्याकडे नाही. जुनं आहे, ते आता होणार नाही."

"मग बोलव त्याले. मी सांगितलं म्हण."

मी तिथेच फोन लावला. मागे प्लांटचा भोंगा वाजत होता. आधी मी त्याला म्हटलं की मी आप्पांना सगळं सांगितलं. मग म्हटलं की माप द्यायला ये, आप्पांनी तुझ्यासाठी कापड आणलंय.

"ते आहेत का तिथे?"

"समोरच उभे आहेत."

"कोणता रंग आहे?"

मी सांगणार होतो, निळा. पण फोन आप्पांपुढे धरला. त्यांनी तो घेतला, घसा साफ केला आणि खूप दिवसांपासून तयार ठेवल्यासारखं म्हणाले, "आकाशी नही. जरा चिमूटभर काळा से त्यात. तू ये, मंग दखाडस."

तो रविवारी येणार आहे. मुलीला मी वही घेऊन दुकानात यायला सांगितलं आहे, तो रकाना भरायला.