चोवीस पावलांवरची शिंपली

शिंपली मी हलवली होती. हे वाक्य आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही. बायकोपुढेही नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जवळ आल्या की मालवणच्या बाजूच्या आमच्या कॉलेजात वर्ग नावापुरते भरत. रिलेत आम्ही चौघे. तिसरा रापणकरांच्या घरातला, किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांचा मुलगा. चौथा मी, मास्तरांचा. सराव ओहोटीच्या ओल्या वाळूवर. इतर कॉलेजं चुन्याने खूण करत. आमच्याकडे शिंपली ठेवायचा रिवाज. मी उभा असे तिथून मागे, पावलाला पाऊल लावून चोवीस. त्याचा पाय शिंपलीवरून गेला की मी मागे न बघता सुटायचं आणि दोन रेघांमधल्या पट्ट्यातच बॅटन घ्यायची. पट्ट्याबाहेर घेतली तर संघ बाद.

त्याच्या बापाने सांगून ठेवलं होतं, "ह्या वर्षी विद्यापीठाच्या संघात गेलंस तर बरां. नायतर कॉलेज पुरे, रापणीर ये."

निघायच्या सकाळी एसटी स्टँडवर कॉलेजच्या शिपाईकाकांनी नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घातलं. हाही रिवाजच.

"बा देवा म्हाराजा, ही पोरां आज धावाक चालली आसत, तेंका यश दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी गाडी ओरडली. कंडक्टरसुद्धा.

"तेंच्या वाटेत कोण आडो येत आसात, तर तेका बाजूक कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" माझा आवाज सगळ्यात मोठा होता.

तळेऱ्याला गाडी बदलली. तोवर आमचे घसे बसले होते. तिसरा आमचा पहाटे रापण ओढूनच आला होता, अंगाला खारा वास. "मेल्या, बांगडो धावतलो की तू?" कुणीतरी म्हणालं. तो म्हणाला, "बांगडो तुज्यापुढे पोचतलो!"

मैदानावर शेवटच्या रेषेपाशी विद्यापीठाचे निवडकर्ते स्टॉपवॉच घेऊन उभे. मला वाटलं, मी आधीच वेगात असलो तर माझी शंभर मीटरची धाव डोळ्यांत भरेल. मी वाकलो आणि शिंपली तीन पावलं मागे सरकवली. कुणी पाहिलं नाही.

शिट्टी झाली. पहिला, दुसरा, आणि मग तो! काय धावला! वळणावर दोघांना मागे टाकलं. आमची पोरं कठड्यावर चढून ओरडत होती, "धाव रे झिला! व्हय म्हाराजा! व्हय म्हाराजा!" त्याचा पाय शिंपलीवरून गेला आणि मी सुटलो. मागून त्याची हाक, "हात! हात दी रे!" बॅटन तळव्यात बसली, तेव्हा पुढची रेघ माझ्या पायाखालून गेली होती. मला कळलं होतं. तरी धावलो. छातीने फीत तोडली, पोरांनी मला उचललं. त्या अर्ध्या मिनिटाइतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

मग पट्ट्यापाशी लाल निशाण वर झालं.

सरांनी मला बाजूला घेतलं. "खूण बरोबर होती ना?"

"हो सर. चोवीस."

तो गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होता. कुणीतरी बोललं, "रापण ओढून इलो, दमतलोच." त्याने मान वर केली. "सर, मीच कमी पडलो," म्हणाला. त्याला तसंच वाटलं, कारण मी गप्प होतो.

त्याची निवड झाली नाही. पुढच्या वर्षी तो कॉलेजात आला नाही, आणि जिमखान्याच्या फळीवर कर्णधार म्हणून पिवळ्या रंगात माझं नाव लागलं. अजून बाजारात भेटतो. "काय कॅप्टन, सुरमय व्हयी?" विचारतो, चांगल्यातली काढून देतो. एकदा म्हणाला, "त्या दिवशी पहाटे रापणीर गेलंय नसतंय तर..." मी पिशवी पुढे केली.

तो दमला नव्हता. वेळेवर आला होता. हे त्याला, त्याच्या तोंडावर सांगणं माझ्याकडे बाकी आहे.